दिसायच्या आधीचे आठवडे

मावशींनी आयुष्याची एकोणीस वर्षं एका हॉटेलच्या तळघरात, गरम पाण्याच्या एका टबाशेजारी काढली. सहा माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा तो गोल टब होता. तळातून फवारे सुटायचे आणि पाणी सारखं खदखदल्यासारखं दिसायचं. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर कायम ओल, हवेत क्लोरीनचा वास आणि कोपऱ्यात एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मावशी. मी शेजारच्या खोलीत मालिशचं काम करायची. मध्ये फक्त एक पातळ भिंत, त्यामुळे त्यांचं खोकणंसुद्धा मला ऐकू यायचं.

त्यांना नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. मावशींचा नवरा लवकर गेला होता. एकुलता एक मुलगा जहाजावर नोकरीला होता, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सून आमच्याच हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी-टॉवेलांच्या घड्या घालायची. मुलगा नसताना घरात या दोघीच. सासू-सुनेचं पटतं म्हटलं की लोक आधी हसतात, पण या दोघींचं खरंच पटायचं. एकीने चहा टाकला की दुसरी आपोआप कप काढायची.

टबाच्या बाबतीत मावशी फार कडक होत्या. दारू प्यालेला माणूस आत घेत नसत. तापातला माणूस घेत नसत. आणि पोटुशी बाई आली की खुर्चीतून उठून दारातच उभ्या राहायच्या. "ताई, तुम्ही दोन जीवांच्या आहात, हे पाणी तुमच्यासाठी नाही. वरच्या पोहण्याच्या तलावात जा, तिथलं पाणी साधं आहे," एवढंच बोलायच्या. एखादी रागवायची, एखादी आभार मानायची. मावशींना दोन्हीचं काही वाटायचं नाही. मला एकदा म्हणाल्या होत्या, पोट दिसलं की मी ओळखते, माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यांना त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी नवे मॅनेजर साहेब आले. आल्या आल्या त्यांनी टबाचं यंत्र बदललं. भिंतीवर हिरव्या आकड्यांची पाटी लागली. त्याआधी मावशी दर दोन तासांनी दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडून वहीत लिहायच्या. साहेबांनी सांगितलं, आता त्याची गरज नाही, पाहुण्यांसमोर ते दवाखान्यासारखं दिसतं. तापमापक कपाटात गेला. पाटीवर अडतीसचा आकडा आला आणि तो दिवसरात्र अडतीसच राहिला.

दोन-तीन आठवड्यांत मला काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं, पण काय ते सांगता येत नव्हतं. टबातून उठून माझ्याकडे मालिशला येणाऱ्यांची कातडी लालबुंद असायची. एक धट्टाकट्टा माणूस माझ्या टेबलापर्यंत पोहोचायच्या आत भिंत धरून खाली बसला. एका बाईंनी दोन तांबे पाणी घटाघटा प्यायलं आणि तरी म्हणाल्या, घसा कोरडाच आहे. मी मावशींना सांगितलं. त्यांनी पाण्यात हात घातला, कपाळाला आठी घातली आणि पाटीकडे पाहिलं. पाटी अडतीस म्हणत होती. त्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं, पाणी हाताला जास्त लागतंय. साहेब म्हणाले, मावशी, तुमचा हात म्हातारा झाला, यंत्र नवं आहे. त्या हसत हसत परत आल्या. पण नंतरही अधूनमधून पाण्यात हात घालत राहिल्या, हे मी पाहत होते.

त्याच सुमारास सुनेची कंबर धरली. दिवसभर वाकून ओल्या चादरी उचलायच्या म्हटल्यावर कोणाचीही धरेल. मुलगा तीन आठवड्यांपूर्वीच जहाजावर परत गेला होता. ती थकल्यासारखी, उतरलेली दिसायची. मावशींना वाटलं, नवऱ्याची आठवण आणि कामाचा शीण. दुपारी एक ते दोन टब पाहुण्यांसाठी बंद असायचा. त्या वेळात खोलीची किल्ली मावशींकडेच. त्यांनी एक दिवस सुनेला बोलावलं आणि म्हणाल्या, बस अर्धा तास, कंबर मोकळी होईल, कोणी बघत नाही.

सून आठ दिवस रोज बसली. पहिल्या दिवशी खूश होऊन बाहेर आली, गाल लाल, केस ओले. मला म्हणाली, ताई, हाडं वितळल्यासारखी वाटली. पाचव्या दिवशी बाहेर आल्यावर तिला थोडं मळमळलं. तिने आणि मावशींनी ते सकाळच्या शिळ्या खाण्यावर ढकललं.

आठव्या दिवशी मावशींना साहेबांनी वर बोलावलं होतं. मी माझ्या खोलीत टॉवेल लावत होते. भिंतीपलीकडून फवाऱ्यांचा आवाज येत होता. सून आत असली की काहीबाही गुणगुणायची. त्या दिवशी फक्त पाणी वाजत होतं. मी भिंतीवर टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. मग मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

दार उघडलं तर समोर वाफच वाफ. सुनेचं डोकं टबाच्या कडेवर कलंडलं होतं आणि हनुवटीपर्यंत पाणी आलं होतं. डोळे अर्धवट उघडे. मी काखेत हात घालून तिला ओढायला लागले, पण ओलं अंग हातातून निसटत होतं. तेवढ्यात मावशी आल्या.  आम्ही दोघींनी तिला बाहेर काढून फरशीवर कुशीवर निजवलं. तिचं अंग तापाने भाजल्यासारखं लागत होतं. मी गार पाण्यात भिजवलेले टॉवेल मानेवर, काखेत, पायांवर ठेवले. मिनिटाभराने तिने डोळे उघडले आणि सासूला ओळखलं. तिने पहिलं वाक्य हळूच उच्चारलं. "आई, माझी पाळी दोन आठवडे चुकलीय."

मावशींचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते मला अजून सांगता येत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने तरुण होत्या, पण घाई न करणाऱ्या. तपासणी झाली. शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे होऊन दोन दिवस. सुनेची पाळी नेहमीच मागेपुढे व्हायची, म्हणून तिने मनावर घेतलं नव्हतं. खात्री झाल्याशिवाय सासूला उगाच आशा लावायची नाही, असंही तिच्या मनात होतं. डॉक्टरबाईंनी पाण्याचं तापमान विचारलं. मावशी म्हणाल्या, पाटीवर अडतीस. मग थांबून म्हणाल्या, पण माझ्या हाताला जास्त लागत होतं.

डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. गरोदर बाईने अशा टबात बसूच नये, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर नाहीच. थंडीच्या दिवसात गरम पाण्याने अंघोळ केली तर शरीर बाहेरच्या हवेत गार होतं. टबात मात्र मानेपर्यंत पाणी असतं, घाम आला तरी वाळत नाही, आणि आतलं अंग तापत जातं. बाळाची पाठ आणि डोकं याच आठवड्यांत मिटून पूर्ण होतात. आईचं अंग तेव्हा फार तापलं तर ते मिटणं अर्धवट राहण्याचा धोका वाढतो.

"किती वाढतो?" मावशींनी विचारलं.

"तुमच्या सुनेच्या बाबतीत नेमकं कोणी सांगू शकणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक बाळं नीट असतात, हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही, ते खरं आहे. पण आठ दिवस, अर्धा अर्धा तास, आणि शेवटी शुद्ध हरपली. विसाव्या आठवड्याला सोनोग्राफीत पाठीचा कणा नीट दिसेल. त्याआधी मी काही बोलणार नाही."

त्यांनी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. चौदा आठवडे थांबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी कपाट उघडलं, तापमापक काढला आणि दोरीने पाण्यात सोडला. मी बाजूला उभी होते. पाटीवर हिरवे अडतीस चमकत होते. तापमापक बाहेर काढला तर साडेएक्केचाळीस. त्यांनी तो तसाच ओला साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. दुरुस्तीवाला आला, त्याने यंत्राची झाकणी उघडली. पाण्यात बुडलेल्या सेन्सरवर क्षारांचा जाड थर बसला होता, आणि तो थंड पाण्याच्या नळाच्या तोंडाशीच बसवलेला होता. पाणी कितीही तापलं तरी तो गारच सांगायचा. साहेब कोणाकडे न बघता म्हणाले, दुरुस्त झालं ना, झालं तर मग.

घरी काय चाललं होतं ते मला सुनेकडून कळायचं. मावशींनी तिला चादरी उचलायचं काम सोडायला लावलं, साहेबांशी भांडून तिला शिवणाच्या टेबलावर बसवलं. तिच्या पाठीकडे बघत बसायच्या. ती वळली की नजर फिरवायच्या. मुलाचा जहाजावरून फोन आला की दोघी आनंदाने बोलायच्या, आणि फोन ठेवला की घर गप्प. टबाचं त्याला सांगायचं नाही, असं त्यांनी न बोलता ठरवलं होतं.

एक दिवस दुपारी धुलाईखान्यात सून मला म्हणाली, "आईंनी आज विचारलं, तू मला शिव्या का देत नाहीस. मी म्हटलं, किल्ली तुम्ही दिलीत, पण पाळी चुकल्याचं सांगितलं नव्हतं मी. तर म्हणाल्या, तुझं सांगायचं राहिलं, पण विचारायचं काम माझं होतं." तिने पुन्हा सुईत दोरा ओवला. 

विसाव्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर गेले. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरबाई पोटावरून यंत्र फिरवत होत्या. हात, पाय, हृदय एकेक सांगत गेल्या. मग पाठीकडे वळल्या. यंत्र पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. मावशींनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांची नखं रुतत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ पाठीवर झोपलंय, कणा दिसत नाही, बाहेर अर्धा तास फिरून या.

त्या अर्ध्या तासात सून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मावशी बाकावर बसल्या होत्या. समोरून एक बाई आपल्या लहान मुलाला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली. मावशींनी मान खाली घातली आणि ती गेल्यावरही वर केली नाही.

परत गेलो. बाळ वळलं होतं. पडद्यावर मणी ओवल्यासारखी बारीक रेघ दिसत होती. डॉक्टरबाईंनी वरपासून खालपर्यंत तीन वेळा पाहिलं आणि मग श्वास सोडल्यासारखं म्हणाल्या, "पाठ पूर्ण मिटलेली आहे. डोकंही नीट आहे. आज तरी मला कुठे काही वावगं दिसत नाही."

मावशी तिथे रडल्या नाहीत. बाहेर येऊन स्वच्छतागृहात गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या.

मुलगी झाली, धडधाकट. पण मावशींची नजर बदलली ती बदललीच. टबाच्या दारात त्या आता प्रत्येक बाईला विचारायच्या, पोट दिसो न दिसो, कुमारिका असो की लग्न झालेली, दिवस गेलेत का, पाळी चुकलीय का. मला म्हणायच्या, दिसतं तेव्हा फारसं भ्यायचं नसतं गं, भीती असते ती दिसायच्या आधी. मी एकोणीस वर्षं उलट्या बाजूलाच बघत बसले.

पाहुण्यांना ते आवडणार कसं? एका बाईने तक्रार केली, परक्या बाईने नवऱ्यादेखत असं विचारावं का. साहेबांनी मावशींपुढे दोन पर्याय ठेवले. गप्प बसायचं, नाहीतर धुलाईखान्यात जायचं. मावशी त्याच दुपारी धुलाईखान्यात गेल्या. टबावर एक नवीन मुलगी आली, नम्र, हसतमुख. तिला फक्त टॉवेल द्यायला सांगितलं होतं.

मागच्या आठवड्यात भिंतीपलीकडे फवारे सुरू झाले, तशी मी हातातलं काम टाकून आत गेले. एक तिशीची बाई मानेपर्यंत पाण्यात डोळे मिटून बसली होती. पाटीवर एकोणचाळीस. मी तिच्याजवळ वाकून तेच विचारलं, नवीन मुलीला ऐकू जाणार नाही असं. तिने डोळे उघडले. 

"मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही," ती म्हणाली, आणि दांडी धरून उठली.