ओल्या होडीचं वजन

ये, जवळ ये. कागदावरच का होईना, पण जरा सरकून बस. लातूरला क्लास लावलास म्हणून एवढी शहाणी झालीस का गं? तुझ्या आईला फोनवर म्हणालीस म्हणे, "आज्जी-आबाला म्हातारपणी पिकअप घ्यायचं खूळ शिरलंय." खूळ! अगं, विचारायचं तर मला विचारायचंस. अर्धं तुझ्या मामाकडून ऐकलंस, अर्धं मनानं जोडलंस. आता सगळं ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

तुझ्या आबांची होडी तू लहानपणी बघितलीस, पण तिचं वर्षभराचं वेळापत्रक तुला माहीत न्हाई. पावसाळा ते माघ ती आपल्या गावच्या घाटावर, गोदावरीत. मासे तिथंच. पुढं नदी आटत जाते, घाटाखाली चिखल उघडा पडतो. तेव्हा होडी चाकूरकडच्या तलावावर न्यायची. तो तलाव आमच्या मासे धरणाऱ्या लोकांच्या सोसायटीकडं ठेक्यानं आहे, आणि उन्हाळ्यातही तिथं छातीभर पाणी असतं. आपली जुनी रबरी चाकांची बैलगाडी होती ना, तिच्यावर होडी बसवायची आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला मागं बांधायची. लोहा, अहमदपूर करत करत दुपारपर्यंत पोचायचं. मी पुढं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं. लई मजा यायची.

मागच्या वर्षी शेजाऱ्यानं ट्रॅक्टर विकला. दुसरा कोणी एवढ्या लांब यायला तयार होईना. होडी घाटावरच राहिली. चैत्रात तिच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. लाकडाची होडी पाण्याबाहेर ठेवली की ती अशी फाटत जाते. तुझे आबा रोज सकाळी जाऊन तिच्यावर ओली पोती टाकायचे, दुपारी ती पोती वाळून पापडासारखी व्हायची. घरी येऊन ताटावर बसायचे आणि भाकरी कुस्करत राहायचे. मी म्हटलं, "जेवा की." तर म्हणाले, "जेवून राहिलो ना." ताटात भाकरी तेवढीच. आणखी एक उन्हाळा असा गेला असता तर होडी सरपणाला गेली असती, आणि तुझ्या आबांचं काय झालं असतं ते मला बोलवत न्हाई.

तुझा मामा लातूरला दालमिलची पोती वाहतो, ते तुला ठाऊक आहे. गाडी दुसऱ्याची, हा चालवणारा. स्वतःची घ्यायची हे त्याच्या बऱ्याच वर्षांपासून मनात. तोच म्हणाला, "आबा, मी जुनी पिकअप घेऊन राहिलो. वर्षभर डाळ वाहीन, अन् फाल्गुनात तुमची होडी. घरची गाडी असल्यावर कुणाच्या पाया पडायचं काम न्हाई."

दुसऱ्या दिवशी आबांनी कुणाचे तरी बैल मागून आणले, वाळलेली होडी आपल्या जुन्या गाड्यावर चढवली आणि फाट्यावरच्या वजनकाट्यावर नेली. आधी होडीसकट, मग रिकामा गाडा. काट्याची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली. कुठली गाडी ओढेल ते त्या चिठ्ठीवरून ठरवायचं, असा त्यांचा हिशेब. पुढं पाऊस लागायच्या आत आम्ही दोघांनी मिळून फटी भरल्या, मी सुतळी ठासायची आणि त्यांनी वरून डांबर ओतायचं. होडी पुन्हा पाण्यात गेली.

पौषात आम्ही लातूरला गेलो गाडी बघायला. तुझ्या खोलीवर आलो होतो बघ, शेंगदाण्याचे लाडू घेऊन, तोच दिवस. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात दोन गाड्या मामानं हेरून ठेवल्या होत्या. एक छोटी, लाल, पुसून चकाचक केलेली. दुसरी मोठी पिकअप, पांढरी म्हणायची खरी, पण एका बाजूचा पत्रा चेपलेला आणि सीट उंदरानं कुरतडलेली.

विकणारा माणूस तोंडाळ. होडी म्हटल्यावर तो हसायलाच लागला. "मावशी, या लातुरात प्यायचं पाणी आगगाडीनं आलं होतं. अन् तुम्ही इथं होडीसाठी गाडी घ्यायला आलाव?"

मी म्हटलं, "बाबा, पाणी तुमच्याकडं न्हाई म्हणून काय आमच्याकडं पण नसावं का?"

"तसं न्हाई मावशी. वजन किती हाय होडीचं?"

आबांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. त्यानं वाचली आणि परत दिली. "हात्तिच्या! ही छोटी गाडी खेळत खेळत नेईल."

तुझा मामा मोठीपाशीच उभा होता. टायर दाबून बघत होता, खाली वाकून मागचा हूक बघत होता. पण मला माहीत होतं, गंजगोलाईच्या बाजारातल्या बोळात मोठी गाडी वळत न्हाई. छोटी पार मिलच्या दारात जाते. त्याच्या पोटाला छोटीच बरी. आबांनाही ते कळत होतं. ते म्हणाले, "छोटीच घे. चिठ्ठी काय खोटं बोलते का? माझी होडी लई हलकी हाय."

आणि पोरी, इथं मी गप्प बसले.

होडी वर्षानुवर्षं मी उपसलेली, मी घासलेली. रिकामी होडी काठावर ओढताना ज्येष्ठात किती जोर लागतो आणि माघात किती लागतो, ते माझ्या कंबरेला विचार. लाकूड पाणी पितं. सहा-सात महिने पाण्यात राहिलेली होडी म्हणजे उन्हात वाळलेली होडी नव्हे. आणि आबांची चिठ्ठी होती चैत्रातली, खडखडीत वाळलेल्या लाकडाची. पन्नास वर्षं पाण्यात घालवलेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं. पण त्यांना पोरावर ओझं टाकायचं नव्हतं. मलाही टाकायचं नव्हतं. तुझ्या मामाला वाटत होतं, आबा म्हणतात म्हणजे बरोबरच असेल. अशी आम्ही तिघं, एकमेकांची फिकीर करता करता, चुकीच्या गाडीपाशी येऊन उभी राहिलो.

नशीब एवढंच, की विकणारा तोंडाळ असला तरी माणूस बरा. म्हणाला, "दोन दिवस घेऊन जा, ओढून बघा, मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडी घाटावर. बायका धुणं सोडून बघायला उभ्या. मामानं गाडी उलटी घेत उतारावर आणली. मागं जोडलेला आपला जुना गाडा पाण्यात बुडवला, आबांनी होडी तरंगत त्यावर आणून बसवली, तिच्या नाकाच्या कडीतून दोर घेऊन गाडीच्या हुकाला बांधला. मी काठावर. मामानं रेस केली.

होडी निम्मी पाण्याबाहेर आली तोवर ठीक होतं. मग तिचं सगळं वजन गाडीवर आलं. मागची चाकं जागेवरच फिरायला लागली, शेवाळ उडालं. कुणीतरी ओरडलं, "दगड लावा, दगड!" दगड कुठला लागतो? गाडी मागं यायला लागली. हळूच, पण यायला लागली. ब्रेक दाबलेला, चाकं थांबलेली, तरी घसरत होती. आत तुझा मामा. मागं डोह.

मी ओरडले का न्हाई, मला आठवत न्हाई. आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांचे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे, संडासला बसताना भिंत धरतात. तो माणूस दोन ढांगांत दोरापाशी गेला, कमरेची जाळं कापायची सुरी काढली आणि दोर कापला. एका झटक्यात.

गाडी थांबली. होडी सुर्रकन मागं गेली, गाड्यावरून सुटली आणि धारेला लागली. आबांनी तिच्याकडं वळून बघितलं न्हाई. ते गाडीच्या दाराशी गेले, काचेवर थापा मारल्या. "उतर. आधी उतर खाली."

मामा उतरला. त्याचा चेहरा असा, की जणू शाळेतून पळून आलाय. म्हणाला, "आबा, होडी गेली."

"जाऊ दे."

"आबा, दोर का कापला?"

"मग काय तुला कापू?" आबा खेकसले. आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी तिथंच, धुण्याच्या बायांच्या समोर, सांगून टाकलं. "मला माहीत होतं रे. ओली होडी जड असते. मी बोलले न्हाई." आबा खाली बघत म्हणाले, "मलाबी माहीत होतं." तुझ्या मामानं आमच्या दोघांकडं बघितलं. एवढं चिडलेलं मी त्याला कधी बघितलं न्हाई. "तुम्ही दोघं काय मला पाव्हणा समजता का? मला सांगायचं न्हाई?" म्हणाला, आणि लुंगी खोचून काठाकाठानं पळत सुटला, होडी बघायला.

होडी फार लांब गेली न्हाई. खालच्या वळणावर बेशरमीच्या झुडपात अडकली होती. मामा पोहत गेला आणि वल्हं नव्हतं म्हणून बांबूनं रेटत तिला परत घेऊन आला. त्याला होडी चालवताना मी किती वर्षांनी बघत होते! आबा काठावरून शिव्या देत होते, "डावीकडं, अरे डावीकडं रेट." त्या आवाजात शिव्या कमीच होत्या.

मोठी गाडी घेतली. पत्रा अजून चेपलेलाच आहे. बोळात ती वळत न्हाई, म्हणून मामा कोपऱ्यावर लावतो आणि पोती खांद्यावरून नेतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "माय, तेवढाच व्यायाम." मला ते टोचतं, पण आता मी त्याला तोंडावर सांगते की टोचतं. तो ऐकतो, आबांना मध्ये घेतो, आम्ही भांडतो. बरं वाटतं.

फाल्गुनात त्या मोठ्या गाडीनं होडी घाटावरून ओढली तेव्हा इंजिनाचा सूर सुद्धा बदलला न्हाई. आता आम्ही चाकूरच्या तलावावर आहोत, बांधाच्या वर पत्र्याची खोली आहे तिथं. आबा पहाटे पाण्यात असतात, नऊला येतात आणि ताट रिकामं करून मग वर अजून अर्धी भाकरी मागतात. मरळ मासळी बरी मिळते. तुला कालवण आवडतं म्हणून मी काल मोठी होती ती विकू दिली न्हाई, तुझी वाट बघून शेवटी आम्हीच खाल्ली.

लातूरहून चाकूर किती लांब आहे गं? अहमदपूरची एसटी धर, चाकूरला उतर, फोन कर. मामाची खेप नसेल तर तो गाडी घेऊन येईल, नसता आबा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून येतील, ऐकायचे न्हाईत. पुस्तकं आण हवी तर, बांधावर सावली आहे. पण ये बाई, या रविवारीच ये.