उलटी चढवलेली गाडी

तराजूमामांनी गाडीचं पुढचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि दचकून मागे सरकले.

"डॉक्टरीणबाई, इंजिन चोरीला गेलंय तुमचं!"

आत खरंच एक छत्री आणि पाण्याची बाटली, एवढाच संसार होता. दातांची डॉक्टर इतकी हसली की तिच्याच अक्कलदाढा दिसल्या. "मामा, इकडे या." तिने सीटच्या पाठीमागची काच दाखवली. काचेखाली, मागच्या चाकांच्या जरा अलीकडे, इंजिन बसलं होतं, पाय पोटाशी घेऊन निजलेल्या जनावरासारखं.

डॉक्टरने गाडी सुरू केली. मामांच्या सूनबाईला वाटलं, आवाज कानांतून आलाच नाही. तो तळपायांतून वर चढला, गुडघ्यांत थांबला आणि बरगड्यांत जाऊन बसला. ही गाडी आपण ट्रेलरवर चढवायची?

छत्तीस वर्षं मामांनी बंद पडलेल्या, ठोकलेल्या, लाडावलेल्या गाड्या ट्रेलरवर घालून मुक्कामी पोचवल्या होत्या. ट्रेलरचा दांडा नुसता हाताने उचलून ते सांगायचे, "मागं जड झालंय," आणि झालेलं असायचंच. म्हणून ते तराजू. मुलाने चष्म्यांचं दुकान टाकलं. सून मात्र सात वर्षं त्यांच्याबरोबर पट्टे आवळत होती. गाडी चढवायला त्यांनी तिला कधी दिली नाही. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि ट्रेलरला गिऱ्हाईक आलं होतं. काल जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "उद्याची गाडी तू चढव. नीट चढली तर ट्रेलर तुझा. नाही तर देऊन टाकू."

"जेवताय की परीक्षा घेताय?" सासूबाई म्हणाल्या होत्या.

रॅम्पखाली लांब फळ्या सरकवून सूनबाईने चढ सौम्य केला, कारण गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. मग ती आत बसली. बसली कसली, जवळजवळ आडवीच झाली.

"रेघेपर्यंत आण!" मामा ओरडले.

ट्रेलरच्या फळीवर त्यांनी स्वतः पांढरी रेघ मारली होती. पुढची चाकं रेघेवर आली की वजन बरोबर बसतं, हा घरचा कायदा. सूनबाईने श्वास रोखून गाडी वर घेतली. चाकं रेघेवर टेकली. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या.

सूनबाई उतरली आणि सवयीने ट्रेलर ओढणाऱ्या टेम्पोच्या मागच्या चाकापाशी वाकली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत तिने बोटं घातली. रिकाम्या टेम्पोला चार बोटं बसत. भरलेल्या ट्रेलरने मागून दाबलं की तीन. आता पाचवं बोटही सहज गेलं. टेम्पोचा मागचा भाग खाली बसायचा सोडून वर उचलला गेला होता.

"मामंजी, मागं जड झालंय. असा निघाला तर ट्रेलर रस्ताभर शेपूट हलवेल."

"रेघ चुकत नाही, सूनबाई."

"रेघ नाही चुकली. इंजिन पुढे असणाऱ्या गाड्यांची आहे ती."

"इंजिन कुठेही असो, चाकं चारच ना?"

डॉक्टर मान वळवून आभाळ बघू लागली. गप्प बसलं तर परीक्षा पास. बोललं तर सात वर्षं पाण्यात. ती बोलली.

"तुम्हीच बघा हात घालून."

मामा कण्हत गुडघ्यावर बसले. फटीत बोटं घातली. बराच वेळ काढलीच नाहीत.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले. "मी तर ही तशीच हायवेला घेतली असती."

"उतरवते. उलटी चढवू. इंजिन टेम्पोच्या बाजूला येईल. पण या गाडीतून मागचं काही दिसत नाही. तुम्ही बोटं इथेच ठेवा, मी तुमच्या आवाजावर येते."

गाडी उतरली, वळली आणि उलटी चढू लागली. आरशात नुसतं आभाळ. सूनबाईने कान मामांकडे लावले.

"ये... ये... साडेतीन... जरा अजून... केसभर ये... बस्स!"

ती खाली आली. दोन टन लोखंडाचा तोल त्या म्हाताऱ्या बोटांनी केसावर आणून ठेवला होता. बरोबर तीन बोटं. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं.

चारही चाकांवर पट्टे आवळून झाले. मामा सवयीने स्टिअरिंगच्या दाराकडे गेले, थांबले आणि वळसा घालून पलीकडे चढले. त्या बाजूचा बेल्ट कुठे असतो, हे त्यांना शोधावं लागलं.

गल्ली संपली. सूनबाईने वेग वाढवला. मामा बाजूच्या आरशात टक लावून बघत होते. ट्रेलर सावलीसारखा मागून येत होता, इकडे नाही की तिकडे नाही.

"अगं," ते म्हणाले, "मागं काही आहे असं वाटतच नाही."

सूनबाईने गिअर वर टाकला.

"त्या गिऱ्हाइकाला कळवून टाकतो," मामा आरशावरची नजर न काढता म्हणाले, "ट्रेलर घरातच राहतोय."