टोरगुनच्या मापाची स्की

"ती खाली ठेव."

"का?"

"खाली ठेव म्हणतोय ना. पोटाला केस असलेली स्की माझ्या घरात येणार नाही."

"तुझ्या घरात उंदीर येतात, ते चालतात."

"मेण लावायची स्की घे. मी लावून देईन ना मेण."

"आधी मला उभी तर राहू दे, आस्लाक. मेणाचं नंतर बघू."

"केस लावलेल्या स्की कोण वापरतं माहितीये? ज्यांना काही येत नाही ते."

"मग मला काय येतं?"

दर ऑक्टोबरात आमच्या खोऱ्यातल्या शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या स्कींचा बाजार भरतो. भिंतीला टेकवलेल्या शेकडो स्की, ढिगाने काठ्या, कोपऱ्यात कॉफी आणि वाफल. मी बुटांच्या टेबलावर बसले होते आणि हे भांडण माझ्यापासून दोन हातांवर चाललं होतं. ऐकू येत नसल्याचं नाटक करायला मी एका बुटाची नाडी चौथ्यांदा ओवली. इतरांनी तेवढंही केलं नाही, सरळ उभे राहून ऐकत होते. टोरगुन स्की घेते आहे ही आमच्याकडे बातमी होती.

टोरगुन मूळची बाहेरच्या बेटावरची. तिथे बर्फ पडतो तो पावसात, आणि पडता पडताच वितळतो. लहानपणी पायांखाली होडी आली, स्की कधी आलीच नाही. तरुणपणी ती इथल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला आली आणि आस्लाकशी लग्न करून बसली. पहिल्या हिवाळ्यात त्याने तिला घरामागच्या शेतात स्कीवर उभी केली. ती पडली. उठली, परत पडली. सासू कुंपणाशी उभी होती. ती म्हणाली, "समुद्रावरची आहे रे, तिला वल्ही दे." सगळे हसले, टोरगुनही हसली, आणि स्की काढून जी घरात गेली ती पुन्हा कधी स्कीवर चढली नाही.

त्यानंतरचे सगळे रविवार तिने दारात काढले. तपकिरी चीज घातलेले ब्रेडचे तुकडे कागदात गुंडाळायचे, थर्मासमध्ये कोको, पिशवीत संत्री, आणि नवरा-मुलगा वळणाआड जाईपर्यंत उभं राहायचं. ईस्टरला सगळं खोरं डोंगरावर जातं, तिथे ती लाकडी घराच्या उन्हाच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि सगळ्यांचे ओले हातमोजे वाळवायची. सोमवारी सकाळी आमच्याकडे माणसं 'कशी आहेस' विचारत नाहीत, 'काल कुठवर गेलीस' विचारतात. टोरगुनचं उत्तर ठरलेलं. "फ्रिजपर्यंत. वाट चांगली होती."

आणि नवरा कोण, तर आस्लाक. क्लबचा मेणवाला. शर्यतीच्या सकाळी त्याच्या गॅरेजबाहेर रांग लागायची. तो मूठभर बर्फ उचलायचा, दाबायचा, बोटं उघडून बघायचा आणि म्हणायचा, "निळं मेण. पायाखाली जरा जांभळं." मेण बरोबर असेल तर पाय दाबला की बर्फ पकडतो आणि माणूस पुढे सुटतो. चुकलं की चढावर मागे मागे घसरत जातो. आस्लाकचं कधी चुकायचं नाही.

गेल्या मार्चात वाट सपाट करणाऱ्या गाडीवाल्याला तो तळ्यापलीकडे सापडला. स्की पायात, तोंड घराच्या उलट दिशेला. कुठे निघालास विचारलं, तर म्हणाला, गाई दोहायला. त्यांच्या गाई विकल्या तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. डॉक्टरने तपासण्या केल्या आणि सांगितलं की यापुढे एकटं सोडायचं नाही. सोंद्रे, म्हणजे मुलगा, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, स्की तळघरात टाक आणि कुलूप लाव."

"कुलूप लावलं तर तो खिडकीत बसेल," टोरगुन म्हणाली. "मी आयुष्यभर वृद्धाश्रमात जेवण वाढलंय. खिडकीत बसलेल्यांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे."

"मग त्याच्याबरोबर जाणार कोण?"

"मी."

सोंद्रे हसला. हे तिनेच मला सांगितलं, त्याच्या हसण्याची नक्कल करून. आणि म्हणून ती त्या दिवशी आखूड निळ्या स्की छातीशी धरून व्यायामशाळेत उभी होती. मधल्या भागाला हातभर केसाळ पट्टी, केस मागे झुकलेले. पुढे जाताना घसरतात, मागे येताना बर्फात रुततात. मेणाची कटकट नाही. नवशिक्याला यापेक्षा सोपं काही नाही, आणि नव्याच्या पाव किमतीत मिळत होत्या.

"हात वर कर," आस्लाक म्हणाला.

"सगळे बघताहेत."

"बघू देत. हात वर."

तिने हात वर केला. आस्लाकने भिंतीशी जाऊन एक लांब जोडी काढली आणि तिच्या शेजारी उभी धरली. टोक बरोबर मनगटाला आलं. "हे माप. आजोबांपासून हेच माप आहे. काय ते वजन-बिजन बघतात आजकाल. माणूस मटण आहे का?"

लोक हसले. तो खुलला. स्कीची कड अंगठ्याने चाचपत तो बोलत राहिला, ही कुठल्या काळची, हिचा तळ किती चांगला, हिला कुठलं मेण मानवेल. एक नवं जोडपं, नुकतंच शहरातून राहायला आलेलं, तोंड उघडं टाकून ऐकत होतं.

मी तेवढ्यात ती लांब जोडी त्याच्या हातून घेतली, जमिनीवर ठेवून टोरगुनला वर उभी केली आणि खाली कागद सारला. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते, म्हणून आमच्याकडे माप असंच बघतात. दोन्ही पायांवर उभं असताना कागद सरकला पाहिजे, एका पायावर सगळं वजन टाकलं की अडकला पाहिजे. नाहीतर मेण बर्फाला टेकणारच नाही. टोरगुन एका पायावर उभी राहिली. कागद लोण्यातून सुरी जावी तसा आरपार गेला.

"टोरगुन, ही तुला फळी आहे नुसती," मी हळूच म्हटलं. "जड अंगाच्या माणसाची स्की आहे. तुझ्याच्याने ती दबणारच नाही. निळी घे."

ती माझ्याकडे बघत नव्हती. आस्लाक त्या जोडप्याला मेणाचा थर किती पातळ असावा ते दाखवत होता. वाक्य सुरू करून पूर्ण करत होता.

"आज सकाळी त्याला स्वेटरची बाही सापडत नव्हती," ती म्हणाली.

"अगं, पण यावर तू त्याच्यामागे जाणार कशी?"

"कागद उचल."

मी कागद उचलला. निळी जोडी शहरातल्या त्या बाईने नेली.

डिसेंबरात बर्फ धरला तशी टोरगुन रोज घरामागच्या शेतात उतरू लागली. मी कामावरून येताना कुंपणाशी थांबायचे.

"वजन टाक," आस्लाक ओरडायचा.

"टाकलं."

"सगळं टाक."

"एवढंच आहे रे माझ्याकडे."

शेताला म्हणण्यासारखा चढही नाही, तरी ती मागे घसरायची. काठ्यांवर अंग टाकून ओढत वर जायची, एक श्वास घ्यायची आणि उभ्या उभ्या खाली यायची. पडली की आधी टोपी शोधायची, मग स्वतःला. "फ्रिज आता लांब गेलाय," मला म्हणायची. आस्लाक रोज संध्याकाळी तिच्या स्की गॅरेजमध्ये नेऊन मेण बदलायचा. उद्या बघ, म्हणायचा. उद्या धरेल.

मग तो रविवार आला. रात्रभर बर्फ पडला होता, कोरडा, पिठासारखा. कडाक्याची थंडी. आस्लाकने पहाटेच तिच्या स्की तयार करून दारात ठेवल्या होत्या. टोरगुन चार पावलं गेली आणि थांबली. पाचवं टाकता येईना. पायाखाली बर्फाचे गोळे चिकटले होते, दर पावलाला वाढणारे, ती विटांवर उभी असल्यासारखी जमिनीपासून वीतभर उंच झाली होती.

त्याने नेहमीच्या मेणाऐवजी ट्यूबमधला चिकट डिंक लावला होता. तो डिंक वसंतातल्या ओल्या, खड्यासारख्या झालेल्या बर्फासाठी असतो. ताज्या बर्फात तो लावणं म्हणजे काय, हे आमच्याकडे नर्सरीतल्या पोराला विचारा.

नेमका तेव्हा तार्येई रस्त्याने गेला. शर्यतीच्या सकाळी आस्लाकच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस. त्याने टोरगुनच्या पायांकडे पाहिलं, मग दारातल्या आस्लाककडे. टोपीला हात लावला आणि पुढे गेला. आज कुठवर, असंसुद्धा म्हणाला नाही.

आस्लाक तार्येईच्या पाठीकडे बराच वेळ बघत होता. "आज बर्फ वाईट आहे," तो म्हणाला.

"हो," टोरगुन म्हणाली. "बर्फच वाईट आहे." आणि तिथल्या तिथे बसून, हातमोज्याने, ते गोळे फोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आईच्या स्की घेऊन गेले. केसाळ पट्टीच्या, मापाच्या, बुटांसकट. बूट एक नंबर मोठे होते, टोरगुनने दोन जोड मोजे घातले. आस्लाकने बघितलं आणि स्वतःचे बूट बांधायला घेतले. भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

आम्ही तिघं वाटेवर गेलो. यंत्राने पाडलेल्या दोन खाचा, त्यात स्की बसवायच्या आणि चालायचं. टोरगुन चालली. खरंच चालली. पट्टीने बर्फ धरला, ती एक पाऊल पुढे सुटली, मग दुसरं, चेहरा असा की कोणीतरी तिच्या खिशात पत्र टाकलंय.

"धरतंय," ती म्हणाली. "इंगविल, धरतंय गं."

"बोलू नकोस, चाल."

ती चालली, आणि मान वर करून पाहिलं तेव्हा आस्लाक नव्हता. तो पळाला नव्हता, घाईतही नव्हता. तीन वर्षांचा असल्यापासून त्या पायांना हेच येतं, ते आपले निघाले. डोकं कुठे जायचं ते विसरलं होतं, पायांना कसं जायचं ते अजून पाठ होतं. पहिल्या वळणाला त्याची लाल टोपी एकदा दिसली आणि झाडांत गेली.

"आस्लाक," तिने हाक मारली. मग मोठ्याने.

"तू इथे थांब," मी म्हटलं आणि निघाले. मी शाळेत असताना क्लबसाठी धावायचे. तळ्यापाशी कसाबसा गाठला त्याला. घाम फुटला होता मला, त्याचा श्वासही चढला नव्हता. माझ्याकडे बघून छान हसला. "कोणाची गं तू?"

परत आलो तेव्हा टोरगुन त्याच खाचेत, त्याच जागी, काठ्यांवर हनुवटी टेकून उभी होती. अंतर तिने स्वतःच मोजलं असणार. स्की बदलून ते कमी होणार नव्हतं, आणि मी काही रोज असणार नव्हते.

त्यानंतर सोंद्रेने तळघराचं कुलूप टपालाने पाठवलं. ते खोक्यातच राहिलं, ब्रेडच्या डब्याशेजारी. मी मधूनमधून जात राहिले. जानेवारीतल्या एका सकाळी गेले तेव्हा ओसरीतूनच आवाज आले.

"आज नको."

"रविवार आहे."

"मंगळवार आहे, आस्लाक."

"मग वाटेवर गर्दी नसेल."

तो बाकावर बसून बूट बांधत होता. बोटं स्वेटरवर चुकली असतील, या नाड्यांवर चुकत नव्हती. टोरगुनही खाली बसली आणि माझ्या आईच्या बुटात पाय कोंबू लागली.

"थांब. मी येते."

"तू हळू चालतेस."

"तू थांब ना मग. पहिल्या वळणावर थांबायचं, मी आले की निघायचं."

"थांबलं की अंग गार पडतं."

"मग मला न्यायचंच नाही असं म्हण."

"तूच म्हणायचीस ना, तुला आवडत नाही."

टोरगुन बुटात अर्धा पाय ठेवून तशीच राहिली. "कधी म्हणाले मी?"

तो उठला. खुंटीवरून स्की काढल्या, तळावरून हात फिरवला, काखेत मारल्या. मी दार अडवून उभी होते. टोरगुनने मला मानेनेच खूण केली, बाजूला सर. कुलूप चार पावलांवर होतं, तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठल्या वाटेने जातोस तेवढं सांग," ती म्हणाली. "तळ्याच्या की कड्याच्या?"

वृद्धाश्रमात जेवण वाढताना ती असंच विचारायची, दोनच नावं घेऊन, दोन्ही सोपी, म्हणजे समोरच्याला एक तरी उचलता येतं.

आस्लाकने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे झाले.

"तळ्याच्या?" ती म्हणाली. "की कड्याच्या?"

त्याने टोपी कानांवर ओढली, माझ्या बाजूने वाट काढली आणि बाहेर गेला.