बापाच्या डब्यातला शिरा

सुमनताई गेल्याचं मला अंगणवाडीच्या बंद दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळलं... पंधरवड्यानं शोकसभा झाली. फलकावर लिहिलं होतं, 'मातांची सेविका'. डोकंच फिरलं माझं. अहो, ती बाई आयुष्यभर भांडली ती आम्हा बापांशी! आणि सभेत एकाच्याही तोंडी बाप हा शब्द नाही.

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत त्यांची अंगणवाडी. माझी तन्वी दीड वर्षाची असताना त्यांनी तिची उंची मोजली आणि बायकोला बजावलं, "नवऱ्याला पाठव. तो आल्याशिवाय मी बोलणार नाही." कामाचा खाडा करून मी तणतणतच गेलो.

"सहा महिन्यांत पोरीची उंची वाढायला हवी तशी वाढलेली नाही. काय खाते ही?"

"ते हिला विचारा ना," मी बायकोकडे बोट दाखवलं.

"का? पोर हिच्या एकटीची आहे? बरं, तू डब्यात काय नेतोस?"

"शिरा."

"कुठल्या पिठाचा?"

मला काय ठाऊक! बायकोनं खाली मान घालून कबूल केलं... तन्वीसाठी अंगणवाडीतून मिळणारी पोषण आहाराची पाकिटं फोडून ती माझा शिरा करत होती. कमावत्याचा डबा आधी भरायचा, हे तिला माझ्याच आईनं शिकवलेलं. म्हणजे इतके महिने मी पोरीच्या तोंडचा घास खात होतो, तोही चाटूनपुसून.

"तिच्याकडे काय बघतोस? खाल्लंस तू!" ताई कडाडल्या. "उद्यापासून पाकीट तू न्यायचंस आणि कामावर जाण्याआधी तूच भरवायचंस."

मी पोरीला मांडीवर घेऊन भरवायचो तेव्हा शेजारचे दात काढायचे, "काय रे, आया झालास?" त्यातल्या दोघांना ताईंनी पुढे असंच बोलावून झापलं. म्हणून वस्तीत त्या फटकळ ठरल्या! आम्ही वागायचं कसंही आणि फटकळ मात्र त्या. वा रे न्याय!

तन्वी आता नऊ वर्षांची आहे. अभ्यासात झकास, पण शाळेच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी असते. त्या वयात राहिलेली उंची पुढे सगळी भरून निघत नाही, हे ताईंनी मला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. सभेहून आलो त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "पप्पा, मीच का रे बुटकी?"

मी शिऱ्याचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुला भूक लागत असेल ना..."

एवढीशी पोर, आणि आत्तापासून बापाला सांभाळून घेते! संताप आला मला, माझाच.

"भूक नव्हती गं," मी म्हणालो. "तू जेवलीस का, हे मी कधी विचारलंच नाही."