तिच्याआधी ऐकलेलं गाणं

आमच्या येडशीच्या घरात मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला माझ्या मुलीनं एका कोरियन मुलाचा फोटो चिकटवलाय. त्याच्या गालाला खळी पडते, केस कधी काळे असतात कधी राखाडी, आणि सहा पोरांच्या एका ग्रुपमध्ये तो गातो. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं हे लिहावं की नाही मला ठरवता येत नाही, पण मी बरेच दिवस त्या पोरावर जळत होतो.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. नोकरी सोडून जो वेळ उरतो त्यात भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवतो. एप्रिल आणि मे हा आमचा हंगाम. जळकोट, मुरुम, कधी पार सीमेपलीकडची गावं. मुलगी लहान होती तेव्हा स्टेजच्या मागं चादरीवर झोपायची. जरा मोठी झाल्यावर पहिल्या रांगेत बसून माझ्या हाताकडं बघायची आणि परतताना जीपमध्ये सांगायची, "पप्पा, बाळाच्या पाळण्याच्या गाण्यात तुम्ही पळालात." मी खरंच पळालेलो असायचो, लय वाढलेली असायची. पार्टीतल्या कुणाला ते कळलेलं नसायचं, तिला कळायचं. मला त्या बोलण्याची एवढी सवय झाली होती की वाजवताना मी लोकांसाठी वाजवतच नव्हतो.

दहावीच्या वर्षी एका कार्यक्रमाला ती आली आणि मी मांडीवर ढोलकी घेऊन समोर बघितलं तर तिच्या कानात इअरफोन. माझ्या गायकानं आलाप घेतला, मी थाप दिली, आणि ही खाली मान घालून मोबाइलमध्ये हसत होती. त्या दिवशी मी सगळीच गाणी पळवली. कुणी काही बोललं नाही.

घरी मग मी बोलायला लागलो. ती पोरं तोंडाला रंग फासतात, नुसत्या उड्या मारतात, मशीनमधून आवाज काढतात. तिनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी ओट्यावर बसली आणि इअरफोनची एक बाजू पुढं केली.

"एकदा ऐका तरी. मग द्या शिव्या."

मी चुका काढायच्या तयारीनंच ऐकायला बसलो. सुरुवातीला मला नुसता गोंधळ वाटला. मग खालून एक जाड ठोका यायला लागला, आमच्या ढोलकीच्या धुमासारखा, पण जमिनीच्या आतून आल्यासारखा. त्याच्यावर बारीक बारीक टिकटिक, पत्र्यावर ज्वारी सांडावी तशी. आणि त्या टिकटिकीच्या मधून एक पोरगा अगदी हळू आवाजात गात होता, इतका हळू की ओळ सुरू करण्याआधीचा त्याचा श्वास मला ऐकू आला. आमच्या स्टेजवर असा श्वास कुणाला ऐकू गेला तर आम्ही त्याला माइकपासून लांब बस म्हणतो. यांनी तो मुद्दाम ठेवला होता. नंतर सहाही आवाज एकावर एक आले आणि माझ्या मानेवर काटा आला. तो हळू गाणारा म्हणजेच कपाटातला पोरगा, हे तिनं नंतर सांगितलं.

गाणं चालू असताना ती सारखी माझ्या तोंडाकडं बघत होती. संपल्यावर म्हणाली, "हां. आवडलं." मी काहीच बोललो नव्हतो.

तिथून पुढं आमचा एक नेम पडला. त्यांचं नवं गाणं आलं की दोघांनी मिळूनच ऐकायचं, एकानं दुसऱ्याच्या आधी ऐकायचं नाही. कोरियात दुपारी गाणं निघतं तेव्हा आपल्याकडं सकाळी साडेनऊ झालेले असतात. ती शाळेत, मी दवाखान्यात. मग संध्याकाळपर्यंत दोघंही उपाशी असल्यासारखे राहायचो. ती मोबाइल पालथा घालून ठेवायची, मैत्रिणींना सांगायची की माझ्यासमोर बोलू नका. संध्याकाळी ओट्यावर एक वायर दोघांच्या कानात. पहिल्यांदा ऐकताना माझं तोंड कसं होतं ते तिला बघायचं असायचं. बायको आतून म्हणायची, "जनावराला सलाइन लावल्यागत बसलेत बघा दोघं." त्या वायरीमुळं मला तो पोरगा सहन व्हायला लागला. तो तिचा होता, पण माझ्या वाट्याला अर्धी वायर होती. हळूहळू मला तो आवडायलाही लागला, आणि तिच्या माघारी मी त्याची जुनी गाणी लावायला लागलो.

अकरावीला ती लातूरला गेली. डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात आहे. हॉस्टेलच्या मॅडम फोन काढून घेतात, रविवारी दुपारी तेवढा देतात. त्या पहिल्या रविवारपासून माझ्या आणि तिच्या मध्ये एक नवं माणूस आलं. खोलीत तिच्याबरोबर सोलापूरची एक मुलगी राहते. तीही याच ग्रुपची वेडी, आणि वरून कोरियन अक्षरं वाचणारी.

"पप्पा, ती म्हणते आपण त्या गाण्याचा अर्थ चुकीचा लावला होता. ते आईसाठी नाहीच, ऐकणाऱ्या लोकांसाठी आहे."

"पप्पा, ती म्हणते खालचा आवाज त्याचा नाही, दुसऱ्याचा आहे."

ती म्हणते, ती म्हणते. ढोलकीवर आयुष्य गेलेल्या माणसाला कुठला आवाज कुणाचा हे सोलापूरची पोर सांगणार. मी हसून "असं का" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर बायकोवर भाजी खारट झाल्याबद्दल चिडायचो. एकदा बायको म्हणाली, "परमुलखात पोरीला एक मैतरीण मिळाली, तुमच्या पोटात कशाला दुखायलंय?" मी म्हणालो दुखत नाही. मुलीनं हसत हसत हेही सांगितलं होतं की त्या मैत्रिणीकडं दुसरा फोन आहे, चिवड्याच्या डब्यात चिवड्याखाली ठेवते. हे ऐकून खरं तर मला अभ्यासाची काळजी वाटायला पाहिजे होती. मला दुसरीच काळजी लागली.

कपाटातला पोरगा ती घरी असतानाच सैन्यात गेला होता. तिकडं सगळ्याच पोरांना जावं लागतं. तो गेला तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती, आणि मीही तिला दिसणार नाही असा थोडा हळहळलो होतो. तो परत आल्यावर सगळ्यांनी मिळून केलेलं पहिलं गाणं यायचं होतं, शुक्रवारी. आदल्या रविवारी तिनं फोनवर मला बजावलं.

"शुक्रवारी येईल. आपण रविवारी ऐकू. मी थांबणार आहे पप्पा, तुम्हीपण थांबा. शपथ?"

"शपथ," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात आलो तेव्हा माझा न ऐकण्याचाच इरादा होता. पण घड्याळाचा काटा साडेनऊवर आला आणि मला तो चिवड्याचा डबा दिसायला लागला. दोघी एका खाटेवर, डोक्यावरून पांघरूण, एक वायर दोघींच्या कानात. माझी मुलगी त्या पोरीच्या तोंडाकडं बघतेय. थांबते म्हणाली तरी सोळा-सतरा वर्षांची पोर आहे, दोन दिवस कशी थांबेल. आणि रविवारी मला म्हणेल की पहिल्यांदाच ऐकतेय, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून येड्यासारखा तोंड दाखवत बसेन. हे सगळं माझ्याच डोक्यात घडत होतं, पण थोड्या वेळानं मला ते घडलेलंच वाटायला लागलं. मी लशींच्या फ्रीजपाशी खुर्ची ओढली आणि इअरफोन घातले.

ते गाणं फार सुंदर आहे. सुरुवातीला ठोका नाहीच, नुसता त्याचा आवाज. पहिल्यापेक्षा जाड झालेला, थोडा फाटलेला. मग एकेक जण येतो, जणू कुणाच्या घरी पाहुणा आल्यावर एकेक जण बाहेरच्या खोलीत येऊन बसावा. मग ठोका धरतो, आणि ऐन रंगात, जिथं कुणीच थांबणार नाही तिथं, सगळं बंद. आम्ही तोड घेतो, म्हणजे ठेका मध्येच तोडतो, तेव्हा समेवर, पहिल्या मात्रेवर, येऊन पडतो. हे लोक समेवर येतच नाहीत. सम रिकामी जाऊ देतात आणि तिच्यानंतर अर्ध्या मात्रेनं कोसळतात. पहिल्या खेपेला माझा हात गुडघ्यावर एकटाच वाजला आणि मला पायरी चुकल्यासारखं झालं. मी ते परत ऐकलं. परत ऐकलं. हाताला बसेपर्यंत ऐकत राहिलो. समोर एक म्हातारा शेळी धरून उभा होता.

"सायेब, झाला का फोन? शेळी म्हणतीय, म्या जाते."

मी इअरफोन काढले. शेळीच्या कानामागची जखम धुताना माझ्या लक्षात आलं की मला आनंद झालेला नाही. तिनं ऐकलं असेल म्हणून मी ऐकलं होतं, आणि तिनं ऐकलंच नसेल तर, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, डोळे मोठे केलेले. फोन खिडकीला टेकवून तिनं मैत्रिणीचा दुसरा फोन गाण्यासाठी जवळ घेतला होता. मागं खाटेवर ती सोलापूरची मुलगी वही उघडून बसली होती.

"तयार?"

"तयार," मी म्हणालो, आणि तोंड कसं ठेवावं याचा विचार करत टेबलापाशी नीट बसलो.

गाणं सुरू झालं. ती माझ्याकडं बघत होती. मी भुवया उचलल्या, मान हलवली, जिथं अंगावर काटा आला होता तिथं आल्यासारखं केलं. तोंडाचं सगळं मी सांभाळलं. हाताकडं माझं लक्षच नव्हतं. बोटं टेबलावर ठेका धरून चालली होती, आणि ती थांबायची जागा आली तेव्हा बोटं गाण्याच्या बरोबर थांबली, सम रिकामी सोडली, आणि अर्ध्या मात्रेनं अचूक पडली.

तिनं गाणं बंद केलं.

"पप्पा."

"काय गं?"

"तुमचा हात कसा काय थांबला तिथं?"

मी बोटं टेबलाखाली घेतली. तिनं लहानपणापासून माझ्या हाताकडं बघितलंय.

"कधी ऐकलं?"

"शुक्रवारी. मला वाटलं तू ऐकलं असशील. त्या फोनवर. हिच्याबरोबर."

मागून सोलापूरची मुलगी बोलली, वहीतून डोकं वर न काढता. "काका, मी दोन दिवस बाथरूममध्ये उभी राहून ऐकलंय हो. खोलीत ही ऐकू देत नव्हती. जेवताना नुसतं गुणगुणले तर चपाती फेकून मारली."

"तू गप," माझी मुलगी म्हणाली. मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "माझं पहिल्यांदाच होतं, पप्पा."

मी माफी मागितली. बापानं मुलीची माफी मागायची आमच्याकडं पद्धत नाही, शब्द नीट आले नाहीत. ती म्हणाली, "जाऊ द्या. मी ऐकते आता. तुम्ही बघा," आणि गाणं पहिल्यापासून लावून डोळे मिटले. दर नव्या गाण्याला तिनं माझं तोंड बघितलं होतं, मी तिचं कधी बघितलंच नव्हतं. त्याचा फाटलेला आवाज आला आणि तिची हनुवटी थरथरली. मग ती रडायला लागली, आवाज न करता. मागून एक हात आला आणि तिच्या खांद्यावर बसला. त्या हातानं दोन दिवस माझ्यासाठी खोलीत गाणं लावलं नव्हतं, हे कळूनही तो तिथून काढावा असं मला वाटलं.

गाणं संपलं. मग सोलापूरची मुलगी वही सोडून पुढं आली. "काका, ते मध्ये थांबतं ते मला मोजताच येत नाही. मी दर वेळी आधीच पडते. कसं पकडलं तुम्ही?"

मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण ढोलकीचं विचारल्यावर मला गप्प बसता येत नाही. मी टेबलावर ठेका दाखवला, सम कुठं आहे ते बोट आपटून सांगितलं. ती चुकली. परत दाखवलं. परत चुकली आणि स्वतःलाच हसली. मीही हसलो. ती हुशार होती, चौथ्या खेपेला जवळ आली. "काका, तुम्ही क्लास घ्या की," ती म्हणाली, "आमच्या फिजिक्सच्या सरांपेक्षा बरं शिकवता."

"वेळ संपत आलीय," माझी मुलगी मध्येच म्हणाली. "मॅडम येतील."

"अजून लई वेळ आहे की," मैत्रीण म्हणाली.

"मला पप्पांशी बोलायचंय." तिनं फोन उचलला, मैत्रिणीकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

त्या आवाजातली धार मी ओळखली. ती माझ्याकडूनच गेलेली होती. बाप म्हणून मला वाईट वाटायला पाहिजे होतं, की ही खोड पोरीत उतरली. तिला बोलायचं असं काही नव्हतंच. काय जेवलात, तिनं विचारलं. मी सांगितलं, भाकरी आणि शेपूची भाजी. मम्मीनं लसूण जास्त घातला होता का? घातला होता. तिच्या मागं ती दुसरी मुलगी एकटी बसली होती, आमच्याकडं बघत. तिलाही बोलाव असं मी मुलीला म्हणू शकलो असतो. मी म्हणालो नाही. मॅडम फोन घ्यायला येईपर्यंत आम्ही दोघं शेपूच्या भाजीवर बोलत राहिलो.