किल्ली दोघांकडे होती

रोहन, सई — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात रोहनची ई-मेल आली. त्याने एक जुना घरगुती कॉम्प्युटर घेतलाय, आणि अशा कॉम्प्युटरच्या मेलेल्या चिपच्या जागी बसेल अशी नवी चिप बनवणारी हौशी माणसं जगभर आहेत म्हणे. शेवटी त्याने विचारलं होतं, ‘आजी, तुमच्या शाळेतला कसा बिघडला?’ चार वेळा उत्तर लिहायला बसले. चारही वेळा जालन्याच्या उन्हाबद्दल लिहून उठले.

आमच्या शाळेत तो आला तेव्हा जिल्ह्यात किती जणांनी कॉम्प्युटर पाहिला असेल? इंग्रजी येणारी विज्ञान शिक्षिका मी एकटीच, म्हणून तो माझ्या ताब्यात आला. आणि प्रयोगशाळा परिचर म्हणून प्रल्हादराव होते. मूळचे केदारखेड्याचे, जुन्या जालन्यात राहत. घरी रेडिओ दुरुस्त करत. शाळा सुटल्यावर मी मॅन्युअल वाचायची, मराठीत सांगायची. आकृती मात्र ते मला समजावून द्यायचे. अख्खं मॅन्युअल त्यांनी दोनशेपानी वहीत हाताने उतरवून घेतलं — न समजणारं इंग्रजीसुद्धा, अक्षराला अक्षर. खोलीची एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.

मी तेव्हा स्टाफरूममध्ये मोठमोठ्याने सांगत असे, हे यंत्र आहे, देव नाही. याच्यापुढे नारळ फोडायचा नाही. सगळे मला हसायचे. ‘बाई विलायतेत जन्मायच्या, चुकून अंबडला जन्मल्या.’ मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

आणि तरी खंडेनवमीला सकाळी मी एकटीच शाळेत गेले. पर्समध्ये कुंकू, झेंडूची दोन फुलं, तांब्याची लहानशी लोटी. का गेले? माहेरी विहिरीवर ऑइल इंजिन होतं. खंडेनवमीला वडील आधी ते सुरू करत, मग कुंकू लावत. बंद यंत्राची पूजा करायची नाही, असं आमच्याकडे होतं. म्हणून मीही कॉम्प्युटर सुरू केला. कुंकू ओलं केलं, लावलं. मग फूल पाण्यात बुडवून शिंपडलं — दर वर्षी इंजिनावर शिंपडायचो, तसंच. झाकणाला हवेसाठी फटी होत्या, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मीच मुलींना शिकवलं होतं.

पडद्यावर पट्टे आले. मग काहीच नाही.

पदराने पुसलं. फुलं उचलली. कुलूप लावून घरी आले आणि पुरणाचं जेवले.

सुट्टीनंतर हेडसरांनी विचारलं तेव्हा मी काय म्हटलं असेल? मी खोटं बोललेच नाही — इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. मी म्हटलं, ‘किल्ली प्रल्हादरावांकडेही असते. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं होतं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. धूळ काढायला उघडलं होतं. काढा म्हणून मीच सांगितलं होतं.

बाकीचं स्टाफरूमने केलं. ‘त्यांच्यात कुठं असते खंडेनवमी? बसला असेल पेचकस घेऊन.’ प्रल्हादराव बौद्ध होते, हे तोवर कुणी असं काढून दाखवलं नव्हतं. मी वह्या तपासत होते. तपासतच राहिले.

त्यांची किल्ली काढून घेतली. त्यांना गेटवर बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते गेटवरच होते. रोज सकाळी मला म्हणायचे, ‘नमस्ते, बाई.’ मी मान हलवायची.

कॉम्प्युटर तसाच कपाटात पडून राहिला. पडद्यावर चित्र उमटवणारी चिप गेली होती आणि ती कुठे मिळत नव्हती. पुढे शाळेचा सुवर्णमहोत्सव ठरला, माझ्या निवृत्तीच्या सुमारास. तो जुना कॉम्प्युटर सुरू करता येईल का, असं कुणीतरी म्हणालं, आणि प्रल्हादराव स्वतःहून आले. सोबत मुलगी संगीता, इंजिनियरिंगला औरंगाबादला शिकणारी. त्या वहीवरून दोघांनी नवी चिप तयार केली होती — हवं ते काम शिकवता येतं अशी आजची एक चिप, बोटभर पट्टीवर बसवलेली, खाली जुन्याइतकेच चाळीस पाय. नवीला तीन व्होल्ट लागत, जुन्या यंत्रात पाच. तेवढ्यासाठी सहा महिने गेले, असं संगीता सांगत होती.

प्रल्हादरावांनी ब्लेडने हलकेच जुनी चिप उचलली. खाली, पायांच्या रांगेत, लाल वाळलेलं काहीतरी होतं.

‘पप्पा, हे लाल काय हाये?’

त्यांनी ते नखाने खरवडलं. चिमटीत चोळलं. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

‘गंज हाये,’ ते म्हणाले. ‘कापूस दे. साफ करून घेऊ, मंग नवी बसवू.’

गंज असा नसतो, हे रेडिओवाल्याच्या मुलीला कळलं नसेल? मला माहीत नाही. मी तिथेच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

कार्यक्रमात पडदा उजळला, टाळ्या झाल्या. जुने हेडसर पाहुणे म्हणून आले होते. माइकवरून म्हणाले, ‘प्रल्हादराव, तुम्हीच बिघडवलं, तुम्हीच दुरुस्त केलं! झाली फिट्टंफाट!’ मंडप हसला. संगीताने वडिलांकडे पाहिलं. ते वायर गुंडाळत होते. आणि मी — हसले. सगळ्यांबरोबर. नंतर शाल मला मिळाली, यंत्र इतकी वर्षं जपल्याबद्दल. मी ती घेतली.

तीन वर्षांनी प्रल्हादराव गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले. संगीता माझ्या शेजारी बसली. म्हणाली, ‘पप्पांना त्या कॉम्प्युटरचं लागून राह्यलं होतं, बाई. शेवटी मीच म्हटलं, चूक झाली असंल तुमच्या हातून, आता सोडा. मंग बोललेच न्हाई ते त्याच्यावर.’

तिने चहा आणला. मी तो घेतला, कप खाली ठेवला आणि रिक्षा करून घरी आले.