खोलीत वायरी, दाराशी सासूबाई

घरात एक वायर आली की तिच्या मागोमाग दुसरी येते, आणि प्रत्येक वायरीबरोबर एक किस्सा फुकट मिळतो. वायरी मी रबरबँड लावून डब्यात कोंबते. किस्से कुठे कोंबणार? म्हणून भेटेल त्या मैत्रिणीला सांगत सुटते!

आम्ही जयपूरला, वैशाली नगरमध्ये राठोड आंटींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. नवरा संजय हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मुलगी ईरा नववीत. सासूबाई अमरावतीच्या, आणि त्यांचं बोलणंही अजून तिथलंच. ईराच्या जन्मानंतर मी आयटीतली नोकरी सोडली. आता पुन्हा कामाला लागायचं म्हणून नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटचा अभ्यास करत होते. पहिल्या खेपेला नापास झाले. इथल्या एका कंपनीने मात्र सांगून ठेवलं होतं, "मॅडम, सर्टिफिकेट आणा. जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो." म्हणजे आता एकच चान्स. हे मला सारखंच आठवायचं.

नुसतं वाचून डोक्यात शिरेना, म्हणून घरातच लॅब मांडली.

*

झोटवाड्यात जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानातून राउटर आणि स्विच आणले. हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. बऱ्याच मशीनच्या वायरी एकत्र जोडणारा, आत पंखे असलेला लोखंडी डबा. ऑफिसात तो वेगळ्या खोलीत बंद का ठेवतात, हे मला भरदुपारी तो सुरू केल्यावर कळलं. असा घोंघाट, की खालून आंटी धापा टाकत वर आल्या, "बेटा, टंकी फट गई क्या?"

नाइट ड्यूटी करून झोपलेला संजय डोळे चोळत दारात उभा राहिला. "रोज इतक्या लोकांना झोपवतो, त्यातल्याच कुणाचा तळतळाट लागला का मला?"

*

सासूबाईंना लोंबकळणारी वस्तू खपत नाही. मग तो टॉवेल असो की वायर.

एके दिवशी लॅब ठप्प! सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत आणि एक मशीन दुसऱ्याला ओळख देईना. सकाळभर मी कमांड तपासत बसले. परीक्षा तोंडावर आणि मला माझीच चूक सापडेना! शेवटी डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ईरा शाळेतून आली आणि वाकून बघायला लागली.

"मम्मा, मतलब... ही वायर याच डब्यातून निघते आणि याच्यातच परत जाते?"

"थे वायर मीच खोचली," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लोंबकळून राहिली होती. एक भोक रिकामं दिसलं."

असा फेरा झाला की तोच निरोप आत गोल गोल फिरत राहतो आणि सगळं तुंबतं. त्यापासून वाचवणारी सोय स्विचमध्ये असते, पण ती मीच आदल्या दिवशी अभ्यासासाठी बंद केली होती. कुणावर चिडावं ते कळेना, म्हणून सासूबाईंवर चिडले. "आई, या चुकीवर पुस्तकात अख्खा धडा आहे!"

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"माह्यावर?"

*

आमचं आणि आंटींचं इंटरनेट एकच. एका दुपारी घाईघाईत मी लॅबची वायर घरच्या नेटला जोडली. माझा राउटर लगेच मालक झाला आणि खालच्या सगळ्या फोनना भलतीच वाट दाखवायला लागला. आंटींचं भजन मध्येच बंद पडलं. आता घर खाली करायला सांगतात की काय, या धास्तीने मी जिना उतरले आणि झालं ते कबूल केलं.

आंटींनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "मतलब तू यहीं बैठे-बैठे किसी का भी बंद कर सकती है?"

"तसं नाही, आंटी..."

"सामनेवालों का भी?"

*

इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला सासूबाई आणि मी गेलो होतो. एक बाई प्रेमाने म्हणाल्या, "या वयात कशाला हो डोक्याला ताप? घरात डॉक्टर आहेत की!"

रोज सकाळी आरशासमोर मी स्वतःला हेच विचारत होते. मी हातातली डिश खाली ठेवली.

सासूबाई शेजारीच चिवडा खात होत्या. "काऊन वो? तुम्हाले भूक लागली की जेवाले साहेब बसतात का?"

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी नेमका बासोडा आला. शीतलामातेचा दिवस. चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंडच खायचं. आंटींच्या घरचे चाकसूला देवीच्या जत्रेला गेलेले. गुडघ्यांमुळे आंटी मागे राहिल्या, आणि आमची चूल पेटली नाही ना हे बघायला कशाबशा वर आल्या. गॅस बंद बघून खूश झाल्या. मग सहज स्विचवर हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"ये तो तप रहा है! आज के दिन!"

मी रडकुंडीला आले. लॅब बंद केली आणि उद्या काही आठवलं नाही तर? चालू ठेवली आणि माता कोपली तर? एरवी मी असलं काही मानत नाही, पण त्या दिवशी मला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

आंटी खाली गेल्या. बाजरी-ताकाच्या थंड राबडीची वाटी घेऊन आल्या, ती स्विचपुढे ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले.

"माता, ये चूल्हा नहीं है, बच्ची की पढ़ाई है. आप इधर देखना ही मत!"

*

परीक्षा केंद्रावर महिनाअखेरच्या आत तारीख मिळेना, म्हणून परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. खोलीत एकही जादा वस्तू नको, म्हणून सकाळी सगळी लॅब उचलून सासूबाईंच्या पलंगावर नेऊन ठेवली. खोलीत दुसरं माणूस आलं, की परीक्षा रद्द. मी सगळ्यांना बजावलं, "संपेपर्यंत दार उघडायचं नाही. मी हाक मारली तरी नाही!" सासूबाई खुर्ची घेऊन दाराबाहेर बसल्या.

निम्मी परीक्षा झाली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात देखरेख करणाऱ्याचा मेसेज आला: 'आवाज येतो आहे. तुम्ही एकट्या आहात का? खोली दाखवा.'

लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवल्या. मग टाइप केलं, 'सासूबाई दाराबाहेर जप करतायत.' आता रद्द होणार, असंच वाटलं.

'तुमच्यासाठी?'

'हो.'

मग उत्तर आलं: 'ठीक आहे. चालू ठेवा.'

शेवटचं बटण दाबलं. निकाल पुन्हा पुन्हा वाचला आणि दाराकडे धावले. बाहेरून कडी!

"आई, दार उघडा!"

"हाक मारली तरी उघडायचं नाही, असं तूच म्हटलं."

"संपली परीक्षा!"

"पास?"

"पास!"

कडी काही वाजेना. मी पुन्हा दार ठोठावलं.

"थांब जराशी," सासूबाई म्हणाल्या. "डोळे पुसू दे. मग उघडते."